बटण एकच हवं

झूमर या हातात मावणाऱ्या यंत्राला अर्धा डझन कंपन्यांचे हात लागले होते. बनवणार कॅसिओ, विकणार टँडी, आतली ऑपरेटिंग सिस्टिम जिओवर्क्सची, पैशांचा हिशेब इंट्यूइटचा, ऑनलाइन सेवा अमेरिका ऑनलाइनची. उरलेली कामं, म्हणजे भेटींची डायरी, पत्ते, टिपणं आणि पडद्यावर गिरवलेलं हस्ताक्षर ओळखणं, कॅलिफोर्नियातल्या पाम कंप्युटिंग नावाच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीकडे. प्रत्येक भागीदाराला आपलं काहीतरी आत कोंबायचं होतं, आणि ते कोंबलंही गेलं. १९९३ च्या अखेरीस हा बारभाईचा कारभार दुकानात आला तेव्हा तो जड होता, महाग होता आणि इतका संथ होता की एक फोन नंबर काढायचा म्हटला तरी धीर हवा. झूमर पडला.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ॲपलनं न्यूटन मेसेजपॅड आणला होता, ६९९ डॉलरना. त्याचीही गत फार वेगळी झाली नाही. त्याचं हस्ताक्षर ओळखणं इतकं हास्यास्पद ठरलं की 'डून्सबरी' या व्यंगचित्रमालिकेनं त्याची यथेच्छ टर उडवली. वर्तमानपत्रांनी निष्कर्ष काढला की हातात मावणारा संगणक ही कल्पनाच फसवी आहे. गुंतवणूकदारांनी तो निष्कर्ष मान्य केला आणि पैसा दुसरीकडे वळवला.

पाममध्ये मोजकी माणसं होती. संस्थापक जेफ हॉकिन्स हा शिक्षणानं इलेक्ट्रिकल इंजिनिअर, पण खरी ओढ मेंदूकडे. नोकरी सोडून बर्कलीच्या विद्यापीठात तो मेंदूचा अभ्यास करायला गेला होता. तिथून परत येऊन ग्रिड कंपनीत त्यानं १९८९ मध्ये ग्रिडपॅड तयार केला, पाटीसारखा, पेननं चालणारा आणि दोनेक किलो वजनाचा. गोदामात आणि तपासनिसांच्या हातात तो चालला, खिशात जाणं शक्य नव्हतं. १९९२ च्या जानेवारीत हॉकिन्सनं पाम काढली. त्याच वर्षी डोना डुबिन्स्की मुख्याधिकारी म्हणून आली, ॲपल आणि क्लॅरिसमध्ये घडलेली. पुढच्या वर्षी विक्रीची बाजू सांभाळायला एड कॉलिगन आला. झूमर पडल्यावर या तिघांकडे थोडे पैसे उरले होते, आणि ज्यांनी तो विकत घेतला होता त्या लोकांची यादी होती.

त्यांनी त्या लोकांना विचारायला सुरुवात केली. पडलेल्या वस्तूच्या गिऱ्हाइकांकडे पुन्हा जायचं म्हणजे शिव्या खायची तयारी ठेवून जायचं. अनेक कंपन्या हे टाळतात आणि दोष बाजारावर ढकलतात. पामला मात्र तिथे कामाचं काहीतरी सापडलं. झूमर घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाकडे आधीपासून टेबलावरचा पीसी होता. पत्ते तिथे होते, भेटी तिथे होत्या. हे लोक पीसीला पर्याय शोधत नव्हते. त्यांना पीसीतलं थोडंसं बरोबर न्यायचं होतं, बाहेर त्यात चार ओळींची भर घालायची होती आणि परत आल्यावर ती भर पीसीत दिसायला हवी होती. यंत्राची स्पर्धा दुसऱ्या यंत्राशी नव्हतीच. ती होती चामड्याच्या कव्हरातल्या कागदी डायरीशी, जी उघडायला एक क्षण लागतो आणि जी कधी बंद पडत नाही.

आज हे वाचताना 'त्यात काय मोठंसं' असं वाटेल. म्हणून त्या वेळची समजूत आठवायला हवी. हातातला संगणक म्हणजे लहान केलेला पूर्ण संगणक, असं सगळे धरून चालले होते. एचपीचा ९५ एलएक्स १९९१ मध्ये आला तो डॉस आणि लोटस १-२-३ पोटात घेऊन. इंग्लंडच्या सायन कंपनीच्या सिरीज ३ मध्ये शब्दलेखन होतं, हिशेबाचे तक्ते होते, प्रोग्रॅम लिहायची भाषासुद्धा होती. दोन्ही उत्तम यंत्रं, यात वाद नाही. पण पीसीला जोडायची केबल आणि सॉफ्टवेअर ही वेगळी विकत घ्यायची गोष्ट होती. न्यूटनचंही तसंच, जोडणीचा संच वेगळा, किंमत वेगळी. ज्यानं तो घेतला त्यानं घरी येऊन केबल खोचायची, पीसीवर एक प्रोग्रॅम चालू करायचा, हातातल्या यंत्रावर दुसरा, मग काय पाठवायचं ते निवडायचं, दिशा निवडायची, आणि मधेच संपर्क तुटला की पहिल्यापासून. उत्साही माणूस हे आठवडाभर करतो, मग सोडून देतो. सोडलं की खिशातली माहिती शिळी होते, आणि शिळ्या माहितीचं यंत्र कपाटात जातं.

हॉकिन्सच्या लक्षात आलेली गोष्ट अशी की जोडणी हीच मुख्य वस्तू आहे. यंत्र हे तिचं खिशात जाणारं टोक.

हे कळलं तरी करायचं काय, हा प्रश्न होताच. पाम सॉफ्टवेअर कंपनी होती, यंत्र बनवणारे दुसरे, आणि ते दुसरे आता घाबरलेले. १९९४ मध्ये पामच्या संचालक मंडळावरच्या ब्रूस डनलेव्ही या गुंतवणूकदारानं भागीदारांबद्दलचं रडगाणं ऐकून घेतलं आणि हॉकिन्सला विचारलं की काय बनवायला हवं हे तुला ठाऊक आहे का. हॉकिन्स हो म्हणाला. मग तूच बनव, असं उत्तर आलं. सॉफ्टवेअरवाल्या मूठभर माणसांनी स्वतः यंत्र घडवायचं, हा सल्ला व्यवहाराच्या कोणत्याही हिशेबात बसत नव्हता. पण हॉकिन्स घरी गेला आणि त्यानं गॅरेजमध्ये लाकडाचा एक ठोकळा कापला, शर्टाच्या खिशात जाईल एवढा. चॉपस्टिकची एक काडी तासून पेन केलं. पडद्याचे वेगवेगळे नमुने कागदावर छापून तो ते ठोकळ्यावर लावायचा आणि दिवसभर तो ठोकळा खिशात घेऊन हिंडायचा. कोणी भेटीची वेळ विचारली की ठोकळा काढायचा, काडीनं टकटक करायची आणि या कामाला किती टकटक लागली ते मनात नोंदवायचं. आसपासच्यांना हा माणूस बिघडला असं वाटलं असेल तर त्यांचा दोष नाही. तो ठोकळा आज माउंटन व्ह्यूच्या कंप्युटर हिस्टरी म्युझियममध्ये आहे.

ठोकळ्याबरोबर चार अटी ठरल्या. शर्टाच्या खिशात मावलं पाहिजे. किंमत ३०० डॉलरच्या आत हवी. कागदी डायरीइतकं झटपट उघडलं पाहिजे. आणि पीसीशी जुळवणी एका बटणात व्हायला हवी. पहिल्या तीन अटींबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय आणि खिशातल्या ठोकळ्याची गोष्ट तर दंतकथाच झाली आहे. मला चौथी अट सर्वांत धाडसी वाटते, कारण ती अर्धी दुसऱ्याच्या घरात पाळायची होती. पाम आपलं यंत्र हवं तसं घडवू शकत होती, पण गिऱ्हाइकाच्या टेबलावरचा पीसी तिच्या हातात नव्हता.

आणि तो पीसी म्हणजे १९९५ चा पीसी. यूएसबी अजून टेबलावर पोचलेलं नव्हतं. बाहेरच्या यंत्राशी बोलायचं तर मागच्या बाजूचं नऊ पिनांचं सिरियल पोर्ट. अशी पोर्टं बहुधा दोन असत, एकावर माउस बसलेला, दुसऱ्यावर मोडेम. एक पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रॅमचं. मोडेमच्या सॉफ्टवेअरनं ते धरून ठेवलं की दुसऱ्याला दारातच अडवलं जाई. अशा ठिकाणी 'बटण दाबा आणि विसरा' असं वचन द्यायचं होतं.

त्यासाठी उलटा विचार करावा लागला. तोवर जोडणी पीसीवरून सुरू होत असे. माणूस पीसीला सांगे, पीसी यंत्राला बोलावी. पामनं बटण पीसीवर ठेवलंच नाही. यंत्र उभं करायला एक क्रेडल दिलं आणि बटण त्या क्रेडलवर बसवलं. क्रेडलमधून निघालेली केबल एकदाच पीसीच्या मागे खोचायची आणि तिथेच राहू द्यायची. पीसीवर हॉटसिंक मॅनेजर नावाचा एक छोटा प्रोग्रॅम पोर्टला कान लावून बसलेला. बटण दाबलं की झोपलेलं यंत्र जागं होई आणि स्वतःच हाक मारी. पहिली बोलणी ९६०० बॉडच्या संथ वेगानं, कारण तो वेग कोणत्याही पोर्टला जमतो. ओळख पटली की दोघं मिळून झेपेल तो वरचा वेग ठरवत आणि त्यावर जात. माहिती छोट्या पाकिटांत जाई, आणि केबलमधल्या खरखरीतून पाकिटाची सुरुवात ओळखता यावी म्हणून प्रत्येकाच्या डोक्यावर ठरलेले तीन बाइट. सोळाच्या पायावरच्या अंकपद्धतीत ते तीन बाइट लिहिले की 'बीफ्ड' असं वाचता येतं. प्रोग्रॅमर मंडळींना असल्या खोड्या सुचतात.

क्रेडल खोक्यातच देण्याचा निर्णय साधा वाटतो, पण त्यात पैसे होते. ते वेगळं विकलं असतं तर नफा वाढला असता. मात्र मग जोडणी ही हौशी लोकांची बाब झाली असती आणि बाकीचे झूमरच्या वाटेनं गेले असते.

इथवरचा भाग तारांचा. खरी कसोटी पुढे होती. एकच पत्ता दोन ठिकाणी असतो, पीसीत आणि खिशात. दिवसभरात दोन्हीकडे काही ना काही बदलतं. संध्याकाळी बटण दाबल्यावर खरं कोणाचं मानायचं? पहिला विचार सगळ्यांना सुचतो तो घड्याळाचा: शेवटचा बदल ज्याचा ताजा, तो खरा. पण दोन घड्याळं कधी जुळत नाहीत. एखाद्याच्या पीसीचं घड्याळ तीन मिनिटं मागे, दुसऱ्याचं बॅटरी गेल्यामुळे चक्क १९८० सालात. घड्याळावर विसंबलं तर ताजा फोन नंबर पुसून त्यावर जुना चढवला जाण्याची भीती. आणि डायरीच्या यंत्राकडून एकदा जरी नंबर हरवला तरी गिऱ्हाईक पुन्हा कागदाकडे जाणार.

पामच्या इंजिनिअरांनी काळाचा नाद सोडला आणि खुणेवर काम भागवलं. आपल्याकडे पेढीवर रोजकीर्द आणि खतावणी असायची. दिवसभराचे व्यवहार कीर्दीत लिहायचे, संध्याकाळी मुनीम ते खतावणीत चढवणार आणि चढवलेल्या ओळीपुढे बारीक खूण करणार. दुसऱ्या दिवशी ती खूण नसलेल्याच ओळी बघायच्या. पाममध्ये खूण उलट बाजूनं केलेली. प्रत्येक नोंदीला तिचा स्वतःचा क्रमांक आणि जोडीला एक बिट. नोंद नवी झाली किंवा बदलली की ते बिट चढे. बटण दाबल्यावर पीसी फक्त बिट चढलेल्या नोंदी मागून घेई, आपल्याकडच्या बदललेल्या नोंदी पाठवी आणि शेवटी सगळी बिटं उतरवी. हजार पत्त्यांतले तीन बदलले असतील तर तीनच केबलमधून जात, म्हणून सारं काम सेकंदांत आटपे.

पुसलेल्या नोंदीचं काय, हा त्यातला छुपा खड्डा. खिशातल्या यंत्रावर पत्ता पुसला आणि तो तिथून खरोखर गेला, तर पीसीला कळणार कसं? पीसीला वाटणार, इकडे एक पत्ता कमी दिसतोय, पाठवून देऊ. पुसलेला माणूस रोज संध्याकाळी परत येणार. म्हणून पुसलेली नोंद लगेच नाहीशी होत नसे. तिच्यावर 'गेली' अशी खूण राही, पडद्यावर ती दिसत नसे आणि पुढच्या जुळवणीत पीसीला निरोप पोचला की मगच तिचा निकाल लागे.

एकच नोंद दोन्हीकडे वेगवेगळी बदलली असेल तर? कोण बरोबर, हे यंत्राला ठरवता येत नाही, आणि पामनं ते ठरवण्याचा आवही आणला नाही. दोन्ही नोंदी ठेवल्या जात आणि निवाडा माणसावर सोपवला जाई. एकीकडे पुसली आणि दुसरीकडे सुधारली असेल तर सुधारलेली राही. नियम एकच, शंका असेल तिथे काही गमावायचं नाही. दुबार नावं बघून लोक कुरकुरत, पण कुरकुर परवडते.

या सगळ्या मांडणीला सुरुंग लावणारी एक साधी गोष्ट होती: माणसाकडे दोन पीसी असतात. ऑफिसात बटण दाबलं, बिटं उतरली. घरी येऊन दुसऱ्या क्रेडलवर बटण दाबलं तर यंत्र सांगणार की काहीच बदललेलं नाही, कारण खुणा ऑफिसच्या पीसीनं पुसून टाकलेल्या. घरचा पीसी कायमचा मागे राहणार. यावरचा तोडगा मला फार आवडतो. यंत्र शेवटच्या पीसीचा ओळख क्रमांक लक्षात ठेवतं. बटण दाबल्यावर समोर तोच पीसी असेल तर बिटांवर विश्वास ठेवायचा आणि झटपट उरकायचं. पीसी दुसरा निघाला तर बिटं खोटी समजायची, सगळ्या नोंदी मागवायच्या आणि पीसीनं मागल्या खेपेला जपून ठेवलेल्या प्रतीशी एकेक करून ताडायच्या. यात वेळ जातो, चूक होत नाही. आणि माणसाला हे दोन मार्ग आहेत हे कळतसुद्धा नाही, त्याला एवढंच दिसतं की आज जरा वेळ लागला. बटण एकच.

हे सगळं घडत असताना पामचे पैसे संपत चालले होते. यंत्राचा आराखडा तयार, सॉफ्टवेअर बरंचसं तयार, पण कारखान्यातून माल काढायला आणि जाहिरातीला लाखो डॉलर हवे होते. ज्यांच्या दारात गेले ते न्यूटनचं नाव घेऊन नकार देत होते. शेवटी शिकागोजवळच्या यूएस रोबोटिक्सनं १९९५ च्या सप्टेंबरात अख्खी पामच ४.४ कोटी डॉलरना विकत घेतली. ही कंपनी मोडेम बनवायची, म्हणजे यंत्राला यंत्र जोडणं हाच तिचा धंदा. जोडणीचं मोल तिला वेगळं समजावून सांगायला लागलं नसावं, असा माझा आपला तर्क.

१९९६ च्या जानेवारीत डेमो परिषदेत पामचं यंत्र 'पायलट' या नावानं लोकांसमोर आलं. वजन सुमारे १६० ग्रॅम, पडदा १६० गुणिले १६० ठिपक्यांचा, प्रोसेसर मोटोरोलाचा १६ मेगाहर्ट्झचा आणि ताकद दोन बारीक ट्रिपल-ए सेलची, जे कित्येक आठवडे पुरत. १२८ किलोबाइट मेमरीचा पायलट १००० होता २९९ डॉलरना, ५१२ किलोबाइटचा पायलट ५००० होता ३६९ ला. दोन्ही खोक्यांत क्रेडल. दीडेक वर्षात विक्रीनं दहा लाखांचा टप्पा ओलांडला. पुढे पायलट नावाच्या पेन बनवणाऱ्या कंपनीनं नावावरून कोर्टबाजी केली आणि यंत्राचं नाव बदलावं लागलं. पण तोवर लोकांच्या तोंडी 'पामपायलट' बसलं होतं.

वापरणाऱ्यांना बटणाचा आणखी एक उपयोग सापडला. पायलटची सगळी माहिती चालू विजेवर टिकणाऱ्या मेमरीत होती. सेल बदलायला जेमतेम मिनिटभर मिळे, उशीर झाला की सगळं कोरं. ही उणीवच म्हणायची. पण प्रत्येक जुळवणीत पीसीवर पूर्ण प्रत तयार होत होती. सेल गेले, यंत्र पाण्यात पडलं, टॅक्सीत राहिलं, तरी नवं यंत्र आणून क्रेडलवर ठेवायचं आणि बटण दाबायचं. काही मिनिटांत जुना संसार जसाच्या तसा नव्या यंत्रात. कागदी डायरी हरवली की हरवली. डायरीला हरवायचं होतं ते इथे साधलं, आणि तेही यंत्राच्या कमकुवत बाजूमुळे.

हॉटसिंकमध्ये प्रत्येक प्रकारच्या माहितीसाठी पीसीवर वेगळा जोड-प्रोग्रॅम असे, त्याला कॉंड्युइट म्हणत. पामनं ते लिहिण्याची पद्धत बाहेरच्यांना खुली केली. मग पत्ते आउटलुकमध्ये जाऊ लागले, लोटसच्या ऑर्गनायझरमध्ये जाऊ लागले. लिनक्सवाल्यांना पाम काही देत नव्हती. त्यांनी केबलमधून जाणारी पाकिटं निरखून निरखून भाषा उलगडली आणि पायलट-लिंक हे मोफत सॉफ्टवेअर तयार केलं. त्यांच्यातल्या काहींची भूक एवढ्यावर भागली नाही. त्यांनी लिनक्सच त्या इवल्याशा प्रोसेसरवर चढवलं, आणि त्यातून निघालेलं यूसीलिनक्स पुढे कितीतरी छोट्या यंत्रांत गेलं.

१९९७ चा पामपायलट प्रोफेशनल एक मेगाबाइट मेमरी आणि टीसीपी/आयपी घेऊन आला, म्हणजे इंटरनेटची भाषा त्याला बोलता येऊ लागली. पाठीला चिकटवायचा १४.४ केबीपीएसचा मोडेमही मिळू लागला. आता वेब दाखवायचं तर कसं? पान चित्रांनी भरलेलं, पडदा तळहाताएवढा, चार करड्या छटांचा, आणि चालू कामासाठी मोकळी मेमरी शंभर किलोबाइटसुद्धा नाही. पूर्ण ब्राउझर त्यात बसवणं अशक्य. बर्कलीच्या विद्यापीठात आर्मांडो फॉक्स, इयन गोल्डबर्ग, स्टीव्हन ग्रिबल आणि त्यांच्या साथीदारांनी प्राध्यापक एरिक ब्रूअर यांच्यासह याचं उत्तर काढलं. त्याचं नाव टॉप गन विंगमन. पामपायलटनं वेबसाइटशी थेट बोलायचंच नाही. मध्ये विद्यापीठातली ताकदवान यंत्रं बसवली. ती पान आणत, चित्रं आक्रसून करडी करत आणि कुठली ओळ पडद्यावर कुठे येईल याचंही गणित आधीच करून ठेवत. पामकडे पोचे तो तयार माल, त्यानं फक्त सांगितल्या जागी मांडायचं. १९९८ मध्ये या कामावरचा त्यांचा शोधनिबंध आला. खिशातल्या यंत्रानं थोडंच करावं आणि बाकीचं दूरच्या मोठ्या यंत्रावर टाकावं, ही झूमरच्या पडझडीतून निघालेली गोष्टच इथे दुसऱ्या लोकांना दुसऱ्या वाटेनं पुन्हा सापडली. आता मोठं यंत्र टेबलावर नव्हतं, एवढाच फरक.

१९९८ च्या पाम थ्रीमध्ये इन्फ्रारेड आलं. दोन माणसांनी यंत्रं समोरासमोर धरायची की एकाचं व्हिजिटिंग कार्ड दुसऱ्याकडे. परिषदांमध्ये याची मोठी हौस होती, उपयोग बेताचा.

१९९९ चा पाम सेव्हन मात्र थेट हवेतून जोडला जाणारा होता. बाजूची अँटेना उभी केली की रेडिओ चालू. रेडिओचं जाळं मोबिटेक्स, मुळात स्वीडनमध्ये उभं राहिलेलं, वेग सेकंदाला ८ किलोबिट. महिन्याला ९.९९ डॉलर द्यायचे आणि त्यात ५० किलोबाइट माहिती मिळायची. आज एका फोटोच्या कोपऱ्याला तेवढी लागते. एवढ्या तुटपुंज्या शिधावाटपात वेब बसवण्यासाठी पामनं पानांचे सांगाडे आधीच यंत्रात ठेवले. विमानाची वेळ हवी असेल तर कोरा अर्ज खिशातच असे. हवेतून जाई फक्त विमानाचा क्रमांक आणि परत येई फक्त उत्तर, तेही मधल्या सर्व्हरनं पिळून काढलेलं. यंत्राची किंमत ५९९ डॉलर. कल्पना चोख होती, पण सौदा महागात पडणारा. लोकांनी कौतुक केलं आणि स्वस्तातला पाम थ्री घेतला.

१९९८ मध्येच हॉकिन्स, डुबिन्स्की आणि कॉलिगन पाम सोडून बाहेर पडले होते. तोवर यूएस रोबोटिक्स थ्रीकॉमच्या पोटात गेली होती आणि मोठ्या घरातली शिस्त त्यांना मानवेना. त्यांच्या हँडस्प्रिंग या नव्या कंपनीनं १९९९ मध्ये व्हायझर आणला, यूएसबी क्रेडलसह. नंतर ट्रिओ आला आणि फोनच यंत्रात शिरला. फोन शिरल्यावर क्रेडलची गरज ओसरू लागली, कारण पत्ते आता सर्व्हरवर राहू शकत होते. २००९ मध्ये पामनं प्री हा फोन आणला तेव्हा त्यात हॉटसिंक ठेवलंच नाही. पत्ते आणि भेटी इंटरनेटवरच्या खात्यांमधून आपोआप एकत्र येणार होत्या. पुढच्या वर्षी एचपीनं पाम १२० कोटी डॉलरना घेतली आणि मग तो धंदा गुंडाळला गेला.

जुनी पाम यंत्रं मात्र अजून पुष्कळांच्या घरात आहेत आणि त्यांना आजच्या संगणकाशी जोडणाऱ्यांची जमात चिवट आहे. अडचणी ठरलेल्या. लॅपटॉपला सिरियल पोर्ट नाही, म्हणून यूएसबीचा कन्व्हर्टर लावायचा. नंतरच्या यूएसबीवाल्या पामना ६४-बिटी विंडोजसाठी पामनं ड्रायव्हर दिलाच नाही. लिनक्समध्ये मात्र हँडस्प्रिंगच्या व्हायझरचं नाव असलेला ड्रायव्हर आहे आणि पायलट-लिंक अजूनही चालवता येतं. ज्यांच्याकडे यंत्रच नाही त्यांच्यासाठी ब्राउझरमध्ये चालणारे पामचे नकली अवतार आहेत, आणि २०२२ मध्ये इंटरनेट आर्काइव्हनं पामच्या जुन्या प्रोग्रॅमांचा संग्रहही तसाच चालता केला.

एक भिंत मात्र कन्व्हर्टरनं पार होणारी नाही. मेमरी वाचवायच्या काळात पामच्या तारखेत सालासाठी सातच बिटं दिली होती आणि मोजणी १९०४ पासून. सात बिटांत १२७ पर्यंतच मोजता येतं. त्यामुळे ३१ डिसेंबर २०३१ नंतरची कोणतीही भेट त्या डायरीत लिहिता येत नाही, पीसीनं कितीही पाठवली तरी.